रीलोडिंगचं भूत, सोनाराचा काटा आणि पाचशे छर्रे

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू एका वजनकाट्याचा आहे. एक मिलीग्रॅमपर्यंत मोजणारा, खिशात मावणारा, पन्नास ग्रॅम कपॅसिटीचा डिजिटल काटा. किंमत अठराशे पन्नास, ठाणे स्टेशनजवळच्या गल्लीतल्या वजनकाट्यांच्या दुकानातून घेतला. मी तो सोन्यासाठी नाही तर हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर पिस्टलचे छर्रे मोजायला घेतला, आणि तो का घेतला हे सांगायचं तर आधी ओहायोला जावं लागेल.

ओहायोला माझा आतेभाऊ राहतो, सुहासदादा. मागच्या वर्षी तीन आठवडे त्याच्याकडे होतो. आपल्याकडे बेसमेंट म्हणजे पार्किंग आणि पावसात तुंबलेलं पाणी, त्याच्याकडे बेसमेंटमध्ये एक जाड लाकडी टेबल, त्याला बोल्ट मारून बसवलेलं उसाच्या रसाच्या जुन्या यंत्राची आठवण येईल असं हँडलवालं प्रेस, आणि बाजूला कॉफीच्या डब्यात शेकडो पितळी रिकाम्या पुंगळ्या. मी म्हटलं दादा हे काय, तर म्हणे रीलोडिंग. रेंजवर पिस्तूल चालवायचं, जमिनीवर पडलेल्या आपल्या पुंगळ्या गोळा करून घरी आणायच्या आणि परत भरायच्या. तिकडे स्वतःच्या वापरासाठी भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला बनवत असाल तर लागतं.

आपण मराठीत सरसकट सगळ्याला गोळी म्हणतो त्यामुळे माझ्या डोक्यात सगळा गोंधळच होता. गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक, जे उडून जातं. अख्खी वस्तू म्हणजे काडतूस, आणि त्यात चार भाग: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, आत पावडर आणि तोंडात बसवलेली गोळी. बार उडाला की गोळी गेली, पावडर जळली, प्रायमर संपला, राहिली ती पुंगळी, आणि या चारातली तीच सगळ्यात जास्त काम घेऊन बनवलेली वस्तू म्हणून लोक ती परत वापरतात. पण बार उडताना पितळ फुगतं, म्हणून आधी ती पुंगळी डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, दाबून परत मापात आणायची, त्याच झटक्यात जुना प्रायमर खालून ठोकला जाऊन टुणकन बाहेर पडतो. मग नवीन प्रायमर, मग तोंड जरासं फाकवायचं, मग पावडर, मग गोळी बसवून फाकवलेलं तोंड परत सरळ करायचं. दादाचं प्रेस सिंगल स्टेज म्हणजे एका वेळी एकच डाय, त्यामुळे पन्नास पुंगळ्यांचं एक काम उरकायचं, डाय बदलायची, परत पन्नास. आईच्या दिवाळीच्या करंज्यांसारखं, आधी सगळ्या पाऱ्या लाटा, मग सारण, मग मुरड. नव्या माणसाने यानेच सुरुवात करावी असं दादाचं ठाम मत, कारण एका हँडलला चार कामं करणारं प्रोग्रेसिव्ह मशीन घेतलं की काय चाललंय तेच कळत नाही म्हणे.

पैसे वाचतात का तर ९ एमएमला फारसे नाही, ते तिकडे तयारच स्वस्त मिळतं. वहिनीच्या भाषेत "पैसे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशात हा जास्त बार उडवतो."

एक प्रसंग सांगतो. तिसऱ्या दिवशी दादाने मला पावडर भरायला बसवलं. पावडर ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे जेमतेम पासष्ट मिलीग्रॅम. समोर पन्नास भोकांचा ठोकळा, त्यात पन्नास पुंगळ्या उभ्या, एकेकीत मोजून ओतायचं, आकडा पुस्तकात छापलेला असेल तोच, आणि सुरुवात त्यातल्या सगळ्यात कमी आकड्याने. मी बत्तीस का तेहतीस पर्यंत आलो आणि मुंबईहून फोन आला, बघितला फक्त, उचललासुद्धा नाही. पण परत ठोकळ्याकडे वळलो तर कळेना की शेवटची भरली का तिच्या बाजूची. दादा काहीच बोलला नाही, त्याने ठोकळा उचलला आणि सगळ्याच्या सगळ्या पुंगळ्या परत डब्यात ओतल्या. म्हणाला "अरे, पिस्तुलाच्या पुंगळीत पावडर बऱ्याचदा निम्म्यापेक्षा कमी भरते, चुकून दोनदा पडली तरी वर येऊन सांडत नाही, गुपचूप मावते. आणि मग ती हातात फुटते." त्यानंतर बॅटरी घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकावून बघायचं, पातळी एकसारखी आहे का, मगच गोळी बसवायची. आणि अजिबातच न पडलेली पावडर वेगळा वांधा, नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी अर्ध्या नळीत जाऊन अडकते आणि मागून दुसरी मारली की संपलं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा हा नियम वहिनीने केलेला, भिंतीवर मराठीत लिहून चिकटवलेला, का ते त्या दिवशी कळलं.

तर हे भूत घेऊन मी ठाण्याला परत आलो. आठवण म्हणून एक रिकामी पुंगळी बॅगेत टाकत होतो ती दादाने हातातून काढून घेतली, म्हणे एअरपोर्टवर स्कॅनरमध्ये दिसली की तुझी रात्र पोलीस चौकीत. शहाणा माणूस.

आता ज्यांना वाटतंय की आपणही घरी असं प्रेस बसवावं त्यांच्यासाठी, नका. मी माझ्या वकील मित्राला विचारलं तर तो आधी हसला आणि मग एकदम गंभीर झाला. आर्म्स ॲक्ट १९५९, कलम ५, लायसन्सशिवाय शस्त्रं किंवा काडतुसं बनवता येत नाहीत. कलम २५ प्रमाणे शिक्षा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती कमीत कमी सात वर्षं ते जन्मठेप. परत कायद्यातल्या ॲम्युनिशनच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते, म्हणजे "मी नुसतं प्रेस मागवलंय, शोभेला ठेवलंय" हेही चालायचं नाही. काडतुसं आपल्या महाराष्ट्रात बनतात की, खडकीला १८६९ पासून बनतायत, वरणगावला बनतात, पण ती सरकारी फॅक्टरीत, वर्तकनगरच्या टू बीएचकेत नाही.

मग आपल्याला काय करता येतं तर एअर पिस्टल. नळीचं भोक म्हणजे बोअर ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, आणि वीस ज्यूलच्या आतली ताकद असेल तर लायसन्स लागत नाही. मॅचचं म्हणजे स्पर्धेचं एअर पिस्टल छर्रा साधारण सेकंदाला दीडशे मीटरने सोडतं, अर्ध्या ग्रॅमहून हलका छर्रा, हिशोब केला तर पाचेक ज्यूल. दादाचं ९ एमएम चारशेच्या वर. (लायसन्स लागत नाही म्हणजे येऊरला जाऊन पाखरं मारा असं नाही हां, तो नॅशनल पार्क आहे आणि वाइल्डलाइफ ॲक्ट आहे, हे लिहावं लागतं ही शरमेची गोष्ट आहे पण रेंजवर हा प्रश्न विचारणारे दोन जण मी स्वतः बघितले.)

घोडबंदर रोडला एका बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात दहा मीटरची रेंज आहे, तिथे बिगिनर बॅच लावली, आठवड्याला तीन दिवस. नाव घेत नाही कारण थोडी तक्रार आहे, एसी चालू असतो तो फक्त ऑफिसात, आणि संध्याकाळी सातच्या बॅचला कापूरबावडीहून पोचेपर्यंत मेट्रोच्या कामाच्या कृपेने साडेसात होतात, पण तो दोष रेंजचा नाही. सर मात्र एक नंबर. पहिले चार दिवस छर्रा हातात दिलाच नाही, नुसतं रिकामं पिस्टल पांढऱ्या भिंतीकडे धरून ट्रिगर दाबायचा. किलोच्या आसपासचं धूड एका हाताने समोर धरायचं, दुसरा हात खिशात. दोन मिनिटांत खांदा बोलायला लागतो. टीव्हीवर मनू भाकरने पॅरिसला २०२४ मध्ये दोन ब्राँझ घेतली तेव्हा मला वाटलेलं काय ते, उभं राहून तर मारायचं. साठ शॉट, पंच्याहत्तर मिनिटं, टार्गेटचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा, दहा मीटरवर. आता त्या पोरीला साष्टांग नमस्कार.

पण माझ्या डोक्यातलं भूत गेलं नव्हतं. मला काहीतरी मोजायचं होतं, ओळीत लावायचं होतं, एकसारखं करायचं होतं. आणि इंटरनेटवर वाचलं की मॅचवाले छर्रे वजन करून वेगळे करतात. झालं. घरी रीलोडिंग नाही तर नाही, छर्रे तर मोजू शकतो ना, त्याला कुठलं कलम लागत नाही.

म्हणून तो काटा. दुकानातल्या काकांनी विचारलं, "सोनं का केशर?" मी म्हटलं छर्रे. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि मग एकदम व्यावसायिक आवाजात म्हणाले, "फुगे फोडायचे? जत्रेतले?" मी हो म्हटलं, कोण समजावणार. काट्याबरोबर मिळतं काय तर वीस ग्रॅमचं कॅलिब्रेशनचं वजन, छोटी ॲल्युमिनियमची ताटली, प्लास्टिकचा चिमटा आणि वर झाकायला पारदर्शक झाकण. सेल दोन, आपले रिमोटचे. दिसायला बरा आहे, डिस्प्ले निळा आणि आकडे ठळक, चष्म्याशिवाय दिसतात. युनिट ग्रॅम, कॅरेट, ग्रेन, आणि एक टी लिहिलेलं बटण दाबून तोळा. तोळा बघून मला आधी गंमत वाटली आणि मग अजूनच, कारण इंग्रजांनी तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे ओहायोच्या बेसमेंटमधला ग्रेन आणि आजीच्या पाटल्यांचा तोळा एकाच मापाची लेकरं. गुंज म्हणजे पावणेदोन ग्रेनला जरा वर. दादाला हे फोनवर सांगितलं तर त्याने त्याच्या पावडरच्या वहीत एका पानावर आकडे गुंजांमध्ये लिहिले म्हणे, आणि वहिनीने ते पान फाडलं, कुणीतरी चुकून वाचेल म्हणून. बरोबर केलं.

आता काट्याचा दोष. एक मिलीग्रॅम दाखवतो म्हणजे एक मिलीग्रॅम मोजतो असं नाही. तोच छर्रा पाच वेळा ठेवला तर ०.४५१, ०.४५२, ०.४५०, ०.४५२, ०.४५३. म्हणजे शेवटचा आकडा फक्त शोभेचा, दोन मिलीग्रॅम इकडे तिकडे धरूनच चालायचं. पंखा चालू असेल तर विसराच, आकडे नाचतात, आणि मे महिन्यात ठाण्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. पहिल्या रात्री मी कपाळावर टॉवेल बांधून बसलो होतो. वॉशिंग मशीन स्पिनला गेलं की आकडे परत वर खाली, ओटा आणि मशीन एकाच भिंतीला आहेत ना. आणि सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट, साठ सेकंद काही केलं नाही की तो आपोआप बंद होतो आणि चालू केल्यावर परत शून्य करावं लागतं. छर्रा चिमट्यातून घरंगळला, सोफ्याखाली गेला, शोधून येईपर्यंत हा झोपलेला. पंधरा मिनिटं आधी चालू करून गरम होऊ द्यायचा, मग वीस ग्रॅमच्या वजनाने कॅलिब्रेट करायचा आणि दर पन्नास छर्ऱ्यांनी परत तपासायचा, एवढं केलं तर ठीक वागतो.

पाचशेचा एक डबा मोजायला मला तीन संध्याकाळी लागल्या. दोन डबे होते, एक स्वस्तातला, कुणाचा ते लिहीत नाही, आणि एक जर्मन मॅचचा, पिस्टलसाठीचा ०.४५ ग्रॅमचा. रेंजवर बरेच जण जर्मनच वापरतात, आरडब्ल्यूएस नाहीतर एच अँड एन. स्वस्त डबा उघडला तर आत तळाशी राखाडी भुकटी, काही छर्ऱ्यांचे मागचे घेर चेपलेले, आणि वजनं म्हणाल तर पहिल्या वीसमध्येच ०.४८ पासून ०.५३ पर्यंत सगळे पाहुणे हजर. मी इडलीच्या साच्यात वजनाप्रमाणे वेगळे टाकत गेलो, सोळा खळगे कमी पडले. जर्मन डबा उघडला तर एकदम शिस्त. पाचशेतले बहुतेक चार मिलीग्रॅमच्या आत. म्हणजे काटाच दोन मिलीग्रॅम चुकतो तर मी नक्की काय मोजतोय हा प्रश्न मला दुसऱ्या संध्याकाळी पडायला हवा होता, पण पडला तिसऱ्या संध्याकाळी.

इथे एक गोष्ट सिरियसली. छर्रे शिशाचे असतात. मी पहिल्या दिवशी डायनिंग टेबलावर, हो त्याच इडलीच्या साच्यात, मांडून बसलो होतो. आईने बघितलं आणि "हे काय आहे रे" विचारलं, मी सांगितलं शिसं, तर तिने काही न बोलता साचा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. नवीन साच्याचे सहाशे रुपये हे काट्याच्या किमतीत धरा. तिचं बरोबरच होतं, शिसं पोटात जाणं वाईट, लहान मुलांना तर फारच. तेव्हापासून वेगळी ट्रे, खाली वर्तमानपत्र, चिमटा, झाल्यावर साबणाने हात, आणि मोजताना शेव खायची नाही. काही लोक छर्रे तोंडात धरतात पटकन भरायला, रेंजवर एक काका करायचे, सरांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं.

मग खरी परीक्षा. मी जर्मन डब्यातले वजन केलेले, अगदी ०.४५१ ते ०.४५२ वाले चाळीस एका डबीत आणि न मोजलेले चाळीस दुसऱ्या डबीत भरून रेंजवर गेलो. डब्या सारख्याच, खाली पेनाने खूण. सरांना दिल्या आणि म्हटलं तुम्ही मला हवी ती द्या, सांगू नका. ऐंशी शॉट मारले, मध्ये चहा. मोजलेल्यांचे चारशेपैकी ३११ आले. न मोजलेल्यांचे ३१४. मी कार्डं परत परत मोजली. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, छर्रे सगळे सारखेच आहेत. तुम्ही सारखे नाही आहात."

घरी येऊन रागारागात गणित मांडलं, इंजिनीअर आहे शेवटी. दहा मीटर जायला छर्ऱ्याला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो, तेवढ्यात तो जेमतेम बावीस मिलिमीटर खाली येतो. छर्रा एक टक्का जड असेल तर पडणं साधारण एक टक्क्याने वाढणार, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आत. एक टक्का म्हणजे साडेचार मिलीग्रॅम, म्हणजे जवळजवळ माझ्या अख्ख्या जर्मन डब्यातला फरक. तीन रात्री पंखा बंद करून मी पाव मिलिमीटर वाचवत होतो. आणि दुसरीकडे बघा, नेम धरायची पुढची आणि मागची साइट यांच्यात एक फुटाच्या आसपास अंतर, पुढची साइट मागच्या खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली तर दहा मीटरवर ते होतात तीस मिलिमीटर. दहाचा सरळ सात. आणि ट्रिगर झटक्याने ओढला की एक मिलिमीटर सरकतोच, माझा तर हक्काने. नियमात ट्रिगरचं वजन किमान पाचशे ग्रॅम, अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी बोटाला लटकवल्यासारखं, आणि ती पिशवी हलू न देता उचलायची. शिकायचं ते हे आहे, आणि ते कुठल्याही काट्यावर ठेवता येत नाही.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं सांगणं एवढंच, छर्रे मोजू नका, बघा. उजेडात धरून मागचा घेर चेपलाय का बघा, तो चेपला असेल तर हवा एका बाजूने निसटते आणि छर्रा भलतीकडे जातो, हे मला सरांनी त्यांच्या हाताने मारून दाखवलं. सर मारतात म्हणजे नऊ दहाच्या खाली जात नाहीत, पण माझ्या स्वस्त डब्यातल्या दहांमध्ये त्यांचेही दोन आठ आले आणि एक सात, जर्मन डब्यात सगळे नऊ दहा. म्हणजे डबा कुठला घेता याने फरक पडतो, डब्याच्या आत परत वेगळं करून काही पडत नाही, निदान आमच्यासारख्यांना तरी. काचेच्या तुकड्यावर घरंगळवायची एक युक्ती पण आहे, वाकडा असेल तो सरळ जात नाही, तेवढं फुकटात करा. आणि डोक्याचं माप, ४.४९, ४.५० असं डब्यावर लिहिलेलं असतं, ते रेंजच्या पिस्टलला कुठलं चालतं हे सरांना विचारून मगच घ्या, मी न विचारता घेतला होता, नशिबाने जमला. उरलेले पैसे रेंजच्या तासांवर घाला.

तरीही काटा परत करावासा वाटला का? नाही. खोटं कशाला बोलू, रात्री साडेदहाला सगळं घर झोपल्यावर टेबल लॅम्पखाली चिमट्याने एकेक छर्रा उचलून ठेवायचा, आकडा स्थिर व्हायची वाट बघायची, वहीत लिहायचं, यात जे डोकं शांत होतं ते दुसऱ्या कशात नाही. दादाला हेच सांगितलं तेव्हा तो म्हणाला "मग तुला काय वाटलं, मी बेसमेंटमध्ये काय करतो?" फोन मी पण दुसऱ्या खोलीत ठेवतो आता, उगाचच, कारण छर्रा दोनदा मोजला तर काही फुटत नाही.

काट्याला पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या आपोआप बंद होण्यासाठी कापला, एक त्या तिसऱ्या आकड्याच्या थापेसाठी. छर्ऱ्यांसाठी घेत असाल तर दोन द्या.

साडेतीनमधले जास्तीचे दीड कशाचे ते सांगायचं राहिलं. एका रविवारी आईने विचारलं, सोनं मोजतो का हा? मी ताटली साबणाने धुतली, तिने परत एकदा स्वतः धुतली, वर टिश्यू पेपर ठेवून टिश्यूसकट शून्य केलं आणि मंगळसूत्राच्या सुट्या केलेल्या वाट्या ठेवल्या. पावतीवर होते तीन ग्रॅम दोनशे. काट्याने दाखवले दोन ग्रॅम नऊशे ऐंशी. परत ठेवल्या, पंखा बंद केला, तरी तेच. आईने पावती परत वाचली, तारीख वाचली, २०११, आणि कपाळाला हात लावला. मी समजावलं की झिजतं गं सोनं, रोजच्या वापरात, लाख असते आत, ती पण निघून जाते. ती म्हणाली "दोनशे वीस मिलीग्रॅम झिजतं?" तिने आकडा ग्रॅममध्ये नाही, मिलीग्रॅममध्ये सांगितला याचा मला फार अभिमान वाटला.

संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकू नथ घेऊन, त्यांच्या जाऊबाई कुड्या घेऊन, आणि तळमजल्याच्या आजी नुसत्याच बघायला. आता काटा आईच्या कपाटात असतो, दागिन्यांच्या डब्याशेजारी, आणि मला हवा असला की मागावा लागतो. परवा मागितला तर म्हणाली, "आधी हात धुऊन ये."